आनंदरावांच्या सातऱ्यावरचे अठरा फॉर्म

मोहितने फॉर्म खोटे भरलेत, हे मला गठ्ठा हातात घेतल्याबरोबर कळलं. म्हणजे कळलं असं मला वाटलं. आणि मला एकदा वाटलं की झालं, मागे फिरणं आमच्या रक्तात नाही. भोसल्यांच्या अमलात आमचे पूर्वज नागपुरात कारकुनीला आले, आणि तेव्हापासून दुसऱ्याच्या कागदातल्या चुका काढूनच आमच्या घराण्याचं पोट भरत आलं आहे.

मी सुमती. एका कॉलेजात बी.ए.च्या मुलांना समाजशास्त्र शिकवते, त्याला सतरा वर्षं झाली. यंदा विद्यापीठाने पदवीच्या मुलांना संशोधनाची ओळख व्हावी म्हणून एक उपक्रम काढला. प्रत्येक कॉलेजने एक छोटी पाहणी करायची, आणि त्यात काम केलेल्या एका मुलाचं नाव उन्हाळ्यातल्या पंधरा दिवसांच्या शिबिरासाठी पाठवायचं. शिबिरात जाणत्या अभ्यासकांबरोबर गावात राहून काम करायला मिळणार होतं. माझ्या वर्गातल्या वीस मुलांनी हात वर केले, मी आठ घेतले.

त्यात मोहितचा उत्साह सगळ्यात दांडगा. हा नागपूरजवळच्या मौद्याचा. वडिलांचं, मारोतरावांचं, तिथे किराणा दुकान. त्याने आठवडाभर माझं डोकं खाल्लं, "मॅडम, शिबिराले मलेच पाठवा न." एरवी मागे लागणारी मुलं मला सहन होत नाहीत, पण हा वर्गात प्रश्न चांगले काढायचा. मी नाव त्याचंच पाठवायचं ठरवलं आणि त्याला तसं सांगितलंही. मारोतरावांनी म्हणे दुकानातल्या अर्ध्या गिऱ्हाइकांना ही बातमी देऊन टाकली.

पाहणीचा विषय मी काढला, मिरचीच्या सातऱ्यावर काम करणाऱ्या बायका. लाल मिरची वाळवायची आणि देठ खुडायची जी उघडी जागा असते, तिला आमच्याकडे सातरा म्हणतात. मौद्याच्या वाटेवर असे सातरे आहेत. फेब्रुवारीत त्या बाजूने एसटी गेली की खिडकीतला प्रवासी शिंकतो. तिथे बायका सकाळपासून ढिगापाशी बसून देठ खुडतात, आणि जितके किलो खुडले तितकीच मजुरी मिळते.

वीस प्रश्नांचा फॉर्म मी घरी बसून तयार केला आणि मुलांना ताकीद दिली. "प्रश्न छापलाय तसाच विचारायचा. उत्तर येईल तेच लिहायचं. आपल्या मनाचं एक अक्षर घालायचं नाही. घातलं तर फॉर्म रद्द." शितावरून भाताची परीक्षा करायची तर निदान शीत तरी खरं हवं, हे माझं दरवर्षीचं वाक्य. मागच्या बाकावर त्याची नक्कल होते हेही मला ठाऊक आहे.

आनंदराव नावाच्या व्यापाऱ्याच्या सातऱ्यावर मोहित आणि वेदिका असे दोघे गेले, बाकीचे दुसरीकडे. सोमवारी फॉर्म माझ्या टेबलावर आले. मोहितचे अठरा, वेदिकाचे सोळा. जागा एकच, दिवस एकच. आणि चौदावा प्रश्न होता, 'कामाच्या ठिकाणी शौचालय आहे का?' मोहितच्या अठराही बायकांचं उत्तर 'आहे'. वेदिकाच्या सोळाही बायकांचं उत्तर 'नाही'.

दोघांपैकी एकाने बनवाबनवी केली होती. कोणी, हे ठरवायला मला एक मिनिट पुरलं. वेदिकाचे फॉर्म स्वच्छ, अक्षर मोत्यासारखं. मोहितचे चुरगळलेले, अक्षर वेडंवाकडं, आणि जवळजवळ प्रत्येकावर लालसर डाग. असले डाग नागपूरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत. तर्री, पोह्यांवर ओततात तो लाल तेलकट रस्सा! पोट्टा तर्री-पोह्याच्या ठेल्यावर बसला, एका हाताने पोहे खाल्ले आणि दुसऱ्या हाताने अठरा बायका जन्माला घातल्या.

मंगळवारी वर्गात मी तो गठ्ठा उंच धरला. "संशोधनातलं सगळ्यात मोठं पाप कसं दिसतं, ते आज बघून घ्या."

मोहित उभा राहिला. "मॅडम, ते..."

"ते काय आहे ते मी सांगते. ही तर्री आहे. सातऱ्यावर जायला यांना जिवावर आलं, पण शिबिराला जायची घाई केवढी! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग."

वर्ग खदखदून हसला. वर्ग हसला की मला चेव येतो, हा माझा जुना रोग. मी लाल पेन काढलं आणि एकेका फॉर्मवर 'रद्द' लिहिलं, अठरा वेळा, त्याच्या देखत. शिबिराला आता वेदिकाचं नाव जाईल, असंही तिथल्या तिथे जाहीर केलं. मोहितने बॅग उचलली आणि तो निघून गेला. बुधवारी आला नाही, गुरुवारीही नाही. वेदिका खाली मान घालून बसली होती. मला वाटलं, मुलगी विनयी आहे.

नाव शुक्रवारी संध्याकाळपर्यंत विद्यापीठाला कळवायचं होतं. त्याआधी शिक्षकाने काही फॉर्म स्वतः तपासायचे, म्हणजे ज्या बाईचा फॉर्म तिला प्रत्यक्ष भेटून यायचं, असा नियम होता. गुरुवारी दुपारी मी एसटीने निघाले. पिशवीत वेदिकाचे दोन फॉर्म होते आणि मोहितचा एक. मोहितचा कशाला? खरं सांगते, त्यावरची बाई जगात नाहीच हे सिद्ध करून मला माझं समाधान करून घ्यायचं होतं. त्या फॉर्मवर नाव होतं पंचफुला. मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या, नाव तर झकास शोधलंस.

सातऱ्याच्या फाटकात एका तरुण मुलीला विचारलं. तिने आत हाक मारली, "मावशी, तुले भेटाले बाई आल्या वं!"

एका ढिगामागून हात वर झाला. पन्नाशीची बाई, नाकातोंडावर पदर बांधलेला. मी शिंकत शिंकत तिच्यापाशी जाऊन बसले आणि कॉलेजचा कोणी मुलगा आला होता का, असं विचारलं.

"आलता न. मोहित. मौद्याचा. लय गुनी पोट्टा." बोलताना तिचे हात थांबत नव्हते. "आमी म्हटलं, बापू, बोलाले टाइम नाही, हात थांबला का किलो कमी भरते. तं तो खालीच बसला. म्हने, मीबी खुडतो, तुमच्याच ढिगात टाकतो, तुमी बोला. दिवसभर खुडून राहिला होता, बाई. एकीजवळून उठे, दुसरीजवळ बसे. बोटं जळून राहिली होती त्याची. डोळे पुसे तं डोळेबी जळे. तशाच हातानं लिहे. कागद लाल झाले सारे."

मी पिशवीतला फॉर्म बाहेर काढलाच नाही. पण हरायची सवय नसली की माणूस काडीचाही आधार शोधतो. माझा चौदावा प्रश्न अजून शिल्लक होता. तो मी छापलाय तसाच विचारला. "कामाच्या ठिकाणी शौचालय आहे का?"

"आहे न. ते पाहा."

कुंपणाच्या टोकाला पत्र्याचं दार होतं आणि त्याला हे भलं मोठं कुलूप.

"चाबी मुनीमजीजवळ राह्यते," पंचफुला म्हणाली. "अन् मुनीमजी येते संध्याकाळी, वजन कराले."

"मग दिवसभर तुम्ही..."

"सकाळी पानी न पिताच निंगतो आमी." भाजीचा भाव सांगावा तसं तिने ते सांगितलं. "त्या पोट्ट्याले दाखवलं होतं मी कुलूप. तो म्हने, मावशी, कागदावर दोनच खाने आहे, 'आहे' नाही तं 'नाही'. तूच सांग, काय लिहू? मी म्हटलं, आहे तं आहे, लिही. खोटं काहाले बोलू?"

वेदिकाच्या फॉर्मवरच्या दोघी पलीकडच्या ढिगापाशी भेटल्या. तो प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. "ते चष्मेवाली पोरगी नं? ते तिकडं जाऊन आली, कुलूप पाहून," एक म्हणाली, "मंग गपचूप लिहून राहिली होती."

परतीच्या एसटीत मी नाक पुसत होते आणि डोळेही. मिरचीने, असं शेजारच्या बाईला सांगितलं. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला, ही म्हण मी हजार वेळा दुसऱ्यांना ऐकवली आहे. मला माझीच इतकी लाज कधी वाटली नव्हती.

घरी पोचल्यावर मोहितला फोन लावला. उचलला मारोतरावांनी. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "मॅडम, पोरगं दोन दिवसापासून धड जेवून नाही राहिलं. मले म्हणते, मी काही केलं नाही. पण तुम्ही शिकलेली मानसं, उगाच थोडी म्हनान? त्यानं तसं केलं असन तं मी हात जोडून माफी मागतो. पोराचं नुकसान नका करू."

"माफी मला मागायची आहे," मी म्हटलं. "त्याने काहीही केलेलं नाही. उद्या त्याला पाठवा."

मग ते म्हणाले, "मी तं त्याले मारलं न मॅडम."

शुक्रवारी मोहित आला आणि मागच्या बाकावर बसला. मी वर्गाला सगळं सांगितलं, तर्रीपासून कुलपापर्यंत, एकही गोष्ट न गाळता. शिबिराला नाव त्याचंच जाईल हेही सांगितलं. मग सतरा वर्षांत पहिल्यांदा वर्गासमोर "मी चुकले, मोहित, मला माफ कर," असं म्हटलं. हे वाक्य छोटं आहे, पण घशातून निघताना फार त्रास देतं.

वेदिका आपणहून उभी राहिली. "मॅडम, मी तो प्रश्न कोणालाच विचारला नाही. मला स्वतःला जायचं होतं. कुलूप दिसलं, म्हणून सगळ्यांपुढे 'नाही' लिहिलं. विचारायची लाज वाटली." तिला रडू येत होतं. मी तिला रागावले नाही. तिने न विचारता बायकांची अडचण लिहिली होती, आणि मोहितने विचारून, शिस्तीत, ती कागदावरून घालवली होती. दोनच खाने ठेवणारी मी होते.

पण जित्याची खोड. मी मोहितकडे वळलेच. "कुलूप पाहिलं होतंस, तर फॉर्मच्या खाली एक ओळ लिहायची होतीस ना?"

"तुम्ही म्हटलं होतं, मनाचं एक अक्षर घालाचं नाही. फॉर्म रद्द होते."

"बरं, मग मंगळवारी वर्गात तरी सांगायचंस."

तो उभा राहिला. आवाज चढवला नाही, मान मात्र वर होती. "सांगून राहिलो होतो न, मॅडम. सातऱ्यावरच्या एकेका बाईले वीस वीस प्रश्न इचाराले लावले तुम्ही मले. मले एकबी नाही इचारला."

वर्गात कोणी हसलं नाही. मी टेबलामागची खुर्ची ओढत मागच्या बाकापर्यंत नेली आणि त्याच्यासमोर बसले.

"आता विचारते," मी म्हटलं. "त्या दिवशी तिथे काय झालं?"

तो हाताच्या बोटांकडे बघत राहिला. माझ्या जिभेवर दुसरा प्रश्न आला होता, तो मी गिळला आणि वाट बघत बसले.