हात वर केले तेव्हा

माझा स्वभाव तापट, हे आधीच सांगून टाकते. हसनाबादच्या बाजूला एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सहावीला शिकवते. त्या दिवशी समानतेचा धडा होता. नुसता वाचून काय डोंबल कळणार, म्हणून म्हणलं, लेकरांनीच वर्गाचा एक नियम करावा. बबलू उठला. 'उशिरा येईल त्यानं आठवडाभर वर्ग झाडायचा.' एकवीस हात वर गेले, एकही खाली न्हाई. मला कोण आनंद झाला. दुपारी चहा पिताना तीन गुरुजींना कौतुकानं सांगितलं.

नियम लागला तो एकटीलाच. दैवशालाला. मेंढरंवाल्यांच्या वस्तीवरून येते, रोज अर्धा तास उशीर. पाच दिवस तिनं मान खाली घालून वर्ग झाडला. सहाव्या दिवशी आलीच न्हाई. सातव्या दिवशीही न्हाई. मला राग आला. एवढंसं झाडायला सांगितलं तर रुसून बसायचं? शाळा सुटल्यावर स्कूटी काढली अन् वस्तीवर गेले.

तिची आई झुंबरबाई, मोकळं बोलणारी बाई. म्हणली, 'मॅडम, मी सहालाच कापूस वेचायला जाते. मेंढ्या रानात जायच्या आधी कोकरं पाजून बाजूला करावी लागतात, ते ही पोरगी करती. मंग भाकरी बांधून पळत येती. झाडायचंच असंल तर आमचं घर काय थोडं हाय का? राहू द्या आता तिला घरीच.'

'अहो, पण मी थोडीच ठरवलं? सगळ्या लेकरांनी हात वर करून ठरवलं.' माझा आवाज चढलाच.

दैवशाला मांडीवर कोकरू घेऊन बसल्ती. हळूच म्हणली, 'मॅडम, हात वर केले तव्हा मी आल्ते कुठं?'

नियम उशिरा येणाऱ्यांचा, अन् ठरवला ती यायच्या आधी. अन् धडा कोणता, तर समानतेचा. लाज वाटली हो, खरंच लाज वाटली. झुंबरबाईला हात जोडले. 'चूक माझी हाय. उद्या एक दिवस धाडा. हिच्यासमोर पुन्हा मत घेते.'

'एकच दिवस,' झुंबरबाई म्हणली. 'मंग बघू.'

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम अकरापर्यंत थांबले. दैवशाला आली तशी तिला पुढं बोलावलं, सकाळ कशी जाती ते सांगायला लावलं. आधी नुसती पुटपुटली. मंग कोकरांचं निघालं तशी बोलतच सुटली. पोरं कान देऊन ऐकून राह्यली होती. रामप्रसादनं विचारलं, 'कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं, कळतं तुला?'

'बराबर कळतं,' ती म्हणली.

'चला,' मी म्हणलं. 'नियम काढून टाकावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा.' भराभर हात वर जायला लागले. माझा जीव भांड्यात पडला.

'मॅडम, थांबा.' दैवशाला सगळा वर्ग न्याहाळत होती. 'बबलू आज आला न्हाई.'

'अगं, त्याच्या एकट्याच्या मतानं काय फरक पडतो?' मी बोलून गेले.

'नियम त्यानं सांगितल्ता. त्याला न इचारता कसा काढायचा?' ती म्हणली, अन् जागेवर जाऊन बसली. 'उद्या घ्या मत. मी येते.'