बाळंतिणीच्या खोलीतलं पाणी

कृष्णेच्या डोहातल्या पाण्याच्या बाटल्या घेऊन शरच्चंद्र घरी आला की लीलाबाईंचं ठरलेलं वाक्य असे, "तुझे ते किडे ओसरीवरच ठेव हो, स्वयंपाकघरात नकोत!" पाण्यातल्या सूक्ष्म जिवांवरचे त्याचे निबंध परदेशात छापून आले होते आणि पुण्याच्या नव्या विद्यापीठात त्याला जागाही मिळाली होती. पण सांगलीच्या या घरात आईपुढे त्याचं काडीचंही चालत नसे.

त्या दुपारी तो बाटल्यांना चिठ्ठ्या डकवत बसला होता. आतून क्षीण आवाज आला, "पाणी... घोटभर पाणी..."

त्याला वाटलं, पद्मा! त्याची धाकटी बहीण काही वर्षांपूर्वी याच घरात बाळंत झाली होती. ताप चढला, जीभ कोरडी पडली, पण बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही म्हणून कोणी थेंब दिला नाही. तो तेव्हा मुंबईत शिकत होता. ती गेल्यावर आई म्हणाली होती, "तूच ना मला सूक्ष्मदर्शकातून पाण्यातले किडे दाखवलेस? मग कशी देणार होते मी?" तेव्हापासून पाण्याच्या थेंबावर डोळा टेकवला की त्याला पद्माची हाक ऐकू येई. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं.

हाक पुन्हा आली. ही पद्मा नव्हती, त्याची बायको क्षमा होती. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं होतं.

तो धावला. दारात लीलाबाई आडव्या उभ्या राहिल्या. "आत यायचं नाही. विटाळ आहे."

"आई, ती तापानं फणफणलीय. पाणी दे तिला."

आतून सुईण रंगूबाई म्हणाली, "आवं दादासाब, पानी दिलं तर वात हुतोय, पोट फुगतंय. जरा कळ काढायची, मग हायच की."

"पद्मानंही कळच काढली होती!"

लीलाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "तिचं नाव काढू नकोस."

"काढणार. पाण्यात जंतू असतात एवढंच ऐकलंस. उकळलं की ते मरतात, हे ऐकूनच घेतलं नाहीस."

तो सोवळं न पाळता स्वयंपाकघरात शिरला, चूल पेटवून पाणी खळाखळा उकळलं, निववलं आणि आईला बाजूला सारून बाळंतिणीच्या खोलीत गेला. क्षमा अधाशासारखी प्यायली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लीलाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. सून बरी व्हावी असं त्यांना वाटत होतं आणि ती बरी होईल याचीच धास्तीही वाटत होती.

क्षमाचा ताप उतरला. लीलाबाई मुलाजवळ येऊन बसल्या.

"शरू, खरं सांग. माझी पद्मा जगली असती का रे?"

पुराव्यावाचून एक शब्द न लिहिणाऱ्या त्या माणसाने आईचा हात हातात घेतला.

"ते नाही सांगता येत, आई. पण तहानलेली गेली नसती."

लीलाबाईंनी पदर तोंडात कोंबला, पण हुंदका थांबला नाही. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच लेकीसाठी मोठ्याने रडल्या.

पुढच्या महिन्यात शेजारची सून बाळंत झाली. तिथेही रंगूबाईच होती. उकळून निववलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन लीलाबाई दारात उभ्या राहिल्या.

"आवं आईसाब, ह्ये काय? पानी द्यायचं न्हाई, आसं तुमीच तर सांगत हुता!"

"हो, मीच," लीलाबाई म्हणाल्या. "म्हणूनच सांगते रंगू, सर बाजूला."