तुम्ही फक्त ओठ हलवा

सकाळी साडेदहा वाजता, शाळेच्या सभागृहात, सगळ्या मुलांच्या देखत एका संगीत शिक्षिकेला गाणं थांबवायला सांगण्यात आलं. "बाई, आवाज काढू नका. तुम्ही फक्त ओठ हलवा," असं मंचावरची गायिका म्हणाली. मुलं हसली. मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले शिक्षकही हसले. बाईंनी सांगितल्याप्रमाणे केलं. गाणं संपेपर्यंत त्या मंचावर उभ्या राहून ओठ हलवत होत्या.

घडलं ते एवढंच. कुणाला लागलं नाही, काही मोडलं नाही. पण या एका वाक्याची तयारी गायिकेनं शाळेत असल्यापासून केली होती.

ही गायिका शाळाशाळांतून नाटक आणि गाणी करणाऱ्या एका छोट्या मंडळीत काम करते. मंडळी म्हणजे तीन माणसं आणि एक जुनी गाडी. गायिकेची थोरली नणंद ढोल वाजवते, गाडी चालवते आणि सगळ्यांना धाकात ठेवते. तिला सगळे ताई म्हणतात. लंबू हा नट, उंचीला दाराएवढा आणि रुंदीला दाराच्या कडीएवढा. गायिका ताईच्या धाकट्या भावाची बायको, म्हणून लंबूपासून शाळांच्या शिपायांपर्यंत सगळ्यांचीच वहिनी.

त्यांचा सगळ्यात चालणारा प्रयोग आवाजावरचा. लंबू फोमचा भलामोठा कान अंगावर चढवून येतो आणि मुलांना बजावतो, "माझ्यात कुणी बोट घालायचं नाही, मला गुदगुल्या होतात." ताई ढोलावर वाळू पसरते, वहिनी त्याच्याजवळ तोंड नेऊन एक लांब सूर लावते आणि वाळू उड्या मारू लागते. पुस्तकातला आवाजाचा धडा विसरणारी मुलं ती वाळू विसरत नाहीत.

शेवटी एक खेळ असतो, उलटा वर्ग. एका शिक्षकाला वर बोलावायचं, त्यानं विद्यार्थी व्हायचं आणि मुलांनी गुरुजी. मुलांनी हात वर केले की मोठ्यानं गायचं, खाली केले की हळू, मूठ मिटली की गप्प. शिक्षक आधी चुकतो, मुलं ओरडून त्याला सुधारतात, शेवटी त्याला जमतं आणि सगळं सभागृह त्याच्यासाठी टाळ्या वाजवतं. या खेळात ताईचा एकच नियम आहे. वर बोलावलेला माणूस चढताना होता त्यापेक्षा उतरताना मोठा दिसला पाहिजे. लंबूनं एकदा एका शिक्षकांच्या पोटाची नक्कल केली, तेव्हा ताईनं त्याला पुढचे दोन प्रयोग गाडीची राखण करायला बसवलं होतं.

हा नियम वहिनीला पाठ होता. तो कुठे मोडायचा हेही तिनं ठरवून ठेवलं होतं.

त्याचं कारण याच शाळेतलं. वहिनीचा आवाज लहानपणापासून जाड, थोडा फाटलेला. वार्षिक कार्यक्रमाच्या समूहगानाचा सराव चालू होता. संगीताच्या बाई रांगेतून कान देत फिरत होत्या. तिच्यापाशी येऊन थांबल्या, हातातली पट्टी तिच्या खांद्याला टेकवली आणि म्हणाल्या, "तू फक्त ओठ हलव. आवाज काढू नकोस." बाई रागावल्या नव्हत्या. खुर्ची उचलून बाजूला ठेवावी, तसं म्हणाल्या होत्या. शेजारच्या मुली खुदखुदल्या. कार्यक्रमाच्या दिवशी ती मागच्या रांगेत उभी राहिली आणि तिनं ओठ हलवले. घरी आल्यावर आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, "एवढ्या मुलींत तुझा आवाज मला बरोबर ओळखू आला गं."

बाईंचं वाक्य तिनं एक वेळ गिळलं असतं. आईचं हे वाक्य तिच्या घशात अडकलं ते कायमचं. पुढे ती कुणासमोर गायली नाही. लग्नानंतर, घरात कुणी नाही असं समजून स्वयंपाकघरात गुणगुणताना ताईनं तिला पकडलं आणि ओढत गाडीत बसवलं, तेव्हा तो आवाज बाहेर आला. आज मुलं त्याच जाड आवाजावर जीव टाकतात.

आपल्यातल्या कितीतरी जणांना शाळेनं असं एखादं वाक्य दिलेलं असतं. तुला चित्र जमत नाही, तू पळू नकोस, तू मागे बस. देणारा विसरतो. घेणारा मात्र ते वाक्य अंगावरच्या जन्मखुणेसारखं वागवतो.

तर त्या शाळेचं बोलावणं आलं आणि संगीताच्या बाई अजून तिथेच आहेत, निवृत्तीला आल्या आहेत, असं कळलं, तेव्हा वहिनीला कडू औषधानंतर गूळ मिळावा तसं झालं. आठवडाभर ती भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ते वाक्य वेगवेगळ्या सुरांत म्हणून बघत होती. रागानं म्हटलं तर बाईंची बाजू वरचढ होईल. कुत्सितपणे म्हटलं तर मुलांना कळणार नाही. शेवटी तिला नेमका सूर सापडला. गोड, हसरा, मदत करणारा. तो ऐकून कुणालाच तिच्यावर बोट ठेवता आलं नसतं.

गाडीत ताईला संशय आला होता. आज खेळासाठी कुणाला घ्यायचं हे वहिनीनं आधीच सांगितलं, आणि असं ती कधी करत नसे. ताईनं आरशातून तिच्याकडे पाहिलं.

"मागे सांगितलेल्या त्या पट्टीवाल्या बाई का?"

वहिनी खिडकीबाहेर बघत राहिली.

"नियम माहीत आहे ना? नाही, म्हणजे आठवण करून दिलेली बरी. तुमच्या डोळ्यांत आज लंबूचं पोट दिसतंय, वहिनीसाहेब."

"माझं पोट कशाला मध्ये?" मागून लंबू म्हणाला. "मुळात मला पोटच नाही."

वहिनी हसली, पण तिनं वचन दिलं नाही.

आणि मग साडेदहाला ते घडलं. बाई मंचावर आल्या. केस पांढरे झाले होते, चष्म्याची काच जाड झाली होती, पण पाठ तशीच ताठ. मुलांनी हात वर केले, बाई मोठ्यानं गायल्या. मुलांनी मूठ मिटली, बाई मुद्दाम गात राहिल्या, मुलं ओरडली. खेळ रंगात आला होता. इथे बाईंना जमायला हवं होतं, टाळ्या पडायला हव्या होत्या. ताईनं शेवटच्या टाळ्यांसाठी ढोलावर काठी उचललीसुद्धा. तेवढ्यात वहिनी पुढे झाली, बाईंच्या खांद्याला तिनं एक बोट टेकवलं आणि गोड आवाजात ते वाक्य म्हणाली.

हशा पिकला. बाईंना वाटलं, खेळच असेल. एका क्षणापुरतं त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांनी ओठ हलवायला सुरुवात केली. ताईची काठी हवेत थांबली होती. वहिनी मोकळ्या गळ्यानं गात होती. इतकं सुख तिला मंचावर कधी मिळालं नव्हतं. तिच्या शेजारी त्या ताठ पाठीची बाई मासोळीसारखी तोंड उघडत होती, मिटत होती. ते संपूच नये म्हणून वहिनीनं शेवटचं कडवं पुन्हा घेतलं.

प्रयोगानंतर बाई स्वतःच विंगेत आल्या. मुलांना मजा आली म्हणाल्या, आणि मग चष्मा सारखा करत विचारलं, "तुम्ही या शाळेच्या का?"

"हो. मागच्या रांगेतली. तुम्ही मला ओठ हलवायला सांगितलं होतं."

बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्या आठवायचा खरोखर प्रयत्न करत होत्या. मग त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, त्या काळी स्पर्धा असायच्या, निकाल लागायला हवा असायचा, असं पुष्कळ मुलींना सांगावं लागायचं. "तुमचा चेहरा नाही हो आठवत," त्या म्हणाल्या आणि हळूहळू वर्गाकडे गेल्या.

वहिनीचं सुख तिथेच अर्धं झालं. जिला मारायला इतकी वर्षं धार लावली, तिला वार का झाला हेच माहीत नव्हतं. उरलेलं अर्धं सुख मैदानात गेलं.

मधली सुट्टी झाली होती. लंबू आणि वहिनी फोमचा कान गाडीत कोंबत होते. थोड्या अंतरावर काही मुलं नुकताच पाहिलेला प्रयोग खेळत होती. एकानं दोन्ही हात डोक्यावर धरून कान केला होता, दुसरा डब्याचं झाकण वाजवत होता. मध्ये एक मुलगी उभी होती. वहिनीनं तिला ओळखलं. वाळू उडाली तेव्हा पुढच्या रांगेतून सगळ्यात मोठ्यानं ओरडली होती ती हीच, घोगऱ्या, बसक्या आवाजाची. ती गायला लागली. पहिल्याच ओळीला एक मुलगा पुढे झाला, तिच्या खांद्याला बोट टेकवलं आणि अगदी गोड, हसऱ्या, मदत करणाऱ्या आवाजात म्हणाला, "तू आवाज काढू नकोस. तू फक्त ओठ हलव."

सूर तंतोतंत तोच होता, आठवडाभर भांडी घासताना बसवलेला. मुलं पोट धरून हसली. मुलगी सगळ्यांकडे पाहून थोडं हसली, आणि ओठ हलवू लागली.

ताई गाडीला टेकून उभी होती. "प्रयोग छान बसला," ती म्हणाली. "एकदा बघून पाठ झाला पोरांना."

गाडी परतीच्या वाटेला लागली. मग वहिनीच उसळली. आपलं काय चुकलं, बाईंनी तरी कधी विचार केला होता का, ज्याचं त्याला परत दिलं तर कुणाचं काय गेलं, असं ती भडाभडा बोलत गेली. ताईनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली.

"ज्याचं त्याला दिलंस ना? मग ते त्या पोरीकडे कसं गेलं?"

वहिनी खिडकीची काच वर-खाली करू लागली.

"हे बघ, तुला राग आला त्यात काही चूक नाही. तू एकदा म्हणाली असतीस तर मीच जाऊन चार शब्द सुनावले असते. स्टाफरूममध्ये, दार लावून. पण तू ते मंचावर केलंस. आपण सांगतो, वाळू उडते, आवाज म्हणजे कंपन, आणि पोरं ते घरी नेतात. कारण मंचावर जे होतं ते खरं, असं त्यांना वाटतं. तिथून आपण निवडून निवडून चांगलंच तेवढं शिकवतो, असं कुठे असतं? सगळंच शिकवलं जातं. बाईंनी तुझ्या एकटीचा आवाज बंद केला. तू तो कसा बंद करायचा हे अख्ख्या शाळेला शिकवून आलीस."

"बास, ताई," लंबू हळूच म्हणाला. वहिनी रडत होती.

डोळे पुसून ती म्हणाली, "त्या पोरीची आई विचारेल तिला, आज काय केलंत म्हणून." तिला आपली आई आठवली होती. तुझा आवाज मला बरोबर ओळखू आला गं. म्हणजे आता ते वाक्य दुसऱ्या एखाद्या घरी म्हटलं जाणार होतं, आणि ते तिच्यामुळे!

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेत फोन केला. मोठ्या बाई म्हणाल्या, वेळापत्रकात जागा नाही. शुक्रवारी सकाळच्या सभेत गाण्याची अर्धी तासिका असते, ती संगीताच्या बाईंची, त्यांनी दिली तर बघा. म्हणजे जिचा अपमान केला तिच्याच दारात हात पसरायचा. वहिनी गेली. संगीताच्या खोलीत बाई एकट्याच वाद्यांवरची धूळ पुसत होत्या.

"कशाला हवी अर्धी तासिका?" बाईंनी विचारलं. "पुन्हा माझाच खेळ करायचाय?"

"नाही. या वेळी माझा करायचाय."

बाईंनी फडकं खाली ठेवलं. त्यांनाही मैदानातला नवा खेळ दिसला होता. आता तो तिसरीपासून सातवीपर्यंत सगळीकडे चालतो, असं त्यांनी सांगितलं. "मी हे वाक्य पुष्कळ मुलींना सांगितलं," त्या म्हणाल्या. "पण ते ऐकायला कसं लागतं हे मला त्या दिवशी मंचावर कळलं. तुमच्यावर मी अजून रागावलेली आहे. तासिका घ्या."

माफी दोघींपैकी कुणीच मागितली नाही.

शुक्रवारी वहिनी मंचावर गेली ती लंबू आणि ताईच्या पुढे. आपण खेळाचा नियम मोडला, असं तिनं मुलांना सरळ सांगितलं. वर बोलावलेल्या माणसाला आपण लहान करून खाली पाठवलं, त्याचा सूड घ्यायचा होता म्हणून. गाणं थांबवायला लावणं हा खेळ नसतो, असं ती म्हणाली. मग तिनं बाईंना विनंती केली की आज उलट्या वर्गात मी चुकते, तुम्ही शिकवा. बाई शिकवू लागल्या. वहिनी चुकली, मुलं ओरडली, पुन्हा चुकली, पुन्हा ओरडली आणि शेवटी तिला जमलं. टाळ्या पडल्या. आधीच्या प्रयोगापेक्षा हशा कमी होता.

नागरिकहो, आपण घरात, वर्गात, कचेरीत एकमेकांचे हिशेब चुकते करतो तेव्हा आजूबाजूला मुलं असतात, हे विसरू नका. मोठ्यांनी मुलांसमोर घेतलेला सूड मोठ्यांपुरता मिटत नाही. मुलं तो शिकतात, आणि त्यांच्यात जो सगळ्यात दुबळा असेल त्याच्यावर आधी वापरून बघतात. ज्याला कुणी एकदा गप्प केलं, त्यानं दुसऱ्या कुणाला गप्प करण्यात शहाणपण नाही. त्यानं दुसऱ्याला गाऊ द्यावं. एवढं जरी जमलं, तरी ते वाक्य आपल्यापाशी येऊन थांबतं.

शेवटी सगळ्यांचं एकत्र गाणं झालं. त्या मुलीला मंचावर बोलवायचं नाही, असं आधीच ठरलं होतं. ती चौथ्या रांगेत कडेला बसली होती. गाणं सुरू झाल्यावर बाई मंचावरून उतरल्या आणि जाऊन तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. ताईनं ढोल हळू केला. लंबूनं फोमचा कान काढून काखेत धरला. वहिनी गाता गाता तिकडेच बघत होती.

मुलीचे ओठ हलत होते. आवाज निघत होता की नाही, हे एवढ्या मुलांच्या गाण्यात मंचावरून कळलं नाही. बाई तिच्याकडे किंचित झुकल्या होत्या, त्यांना ऐकू आलं असेल. वहिनीनं त्यांना अजून विचारलेलं नाही.