जैतुनबीच्या उशाचा कटोरा

मित्रांनो, माझ्या आतली कल्हई उडून आता पाच-सहा वर्षं झाली. मी सेनगावजवळच्या गोरेगावातल्या जैतुनबीच्या घरचा तांब्याचा जुना कटोरा. हल्ली फळीवर पालथा असतो. धातूच्या जातीला वाटणं-बिटणं फारसं नसतं. तरी जे पाहिलं ते सांगतो.

सेनगावच्या बाजारातून तिनं मला आणलं ते साल एक्क्याण्णव. दरवर्षी ग्यानोबा कल्हईवाला भाता फुंकून मला आतून पांढराशुभ्र करी आणि मी वर्षभर तोऱ्यात राही. सकाळी जैतुनबीच्या ओसरीवर गल्लीतली लेकरं कलमा शिकायला बसत आणि घसा कोरडा पडला की माझ्यातलं पाणी पीत. 'ला इलाहा इल्लल्लाह, मुहम्मदुर रसूलुल्लाह.' अल्लाहशिवाय उपासनेला पात्र दुसरं कोणी नाही आणि मुहम्मद त्याचे प्रेषित आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पण पोरं पोपटासारखी घोकायला लागली की जैतुनबी हात वर करून थांबवी.

"अरे, ये गवाही है," ती म्हणे. "गवाही दिया सो आदमी बाद में झूट नै बोलता. और एक के सामने झुके, तो दूसरे के सामने काय कू झुकना?"

लेकरं माना डोलवत आणि घरी जाता जाता गूळ कोणी खाल्ला यावर खुशाल खोटं बोलत.

माझं दुसरं काम मोठं होतं. गावात कोणाची अखेरची घटका आली की जैतुनबीला बोलावणं येई. तोंडून निघणारा शेवटचा शब्द कलमा असावा, ही मुसलमान माणसाची आस असते. जैतुनबी मला आणि एक चमचा घेऊन उशाशी बसे. तिचा नियम पक्का होता. मरणाऱ्याला 'म्हण' असं म्हणायचं नाही. जीव तळमळत असताना तो 'नाही' म्हणून बसला तर? आपणच हळू म्हणत राहायचं. त्यानं एकदा म्हटलं की सगळ्यांनी गप्प व्हायचं, त्याला दुसरं काही बोलायला लावायचं नाही. शेजारची रूपाबाई सोबतीला येई आणि दाराशी बसे. ती मूळची बंजारा तांड्यावरची, पण जैतुनबीवाचून तिचा दिवस सरत नसे.

जैतुनबीचा मुलगा हारून सेनगावची जीप चालवी. त्याची लेक नर्गिस सव्वाचार वर्षांची होती. चार वर्षं, चार महिने, चार दिवस झाले की लेकराचं बिस्मिल्ला करतात, म्हणजे पहिला धडा देतात. तो दिवस आठवड्यावर आला असताना ताप आला आणि पोरगी गेली. हारून रडला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं जीप काढली. जेवायचा, झोपायचा, माणसं न्यायचा-आणायचा. कलमा मात्र त्याच्या तोंडी येईना. आईनं एकदा विचारलं, तर म्हणाला, "दिल में कुछ हैच नै, अम्मा. झूटी गवाही कैसी देना?"

ती एवढंच म्हणाली, "मेरे वखत पे तू बैठना."

ती वेळ दोन वर्षांनी आली, उन्हाळ्यातल्या एका दुपारी. गल्लीतली माणसं लग्नाला गेलेली. घरात हारून आणि दाराशी रूपाबाई. जैतुनबीनं डोळे उघडले आणि कोणी न सांगता, स्पष्ट, एकदा कलमा म्हटला. सगळं कसं नीट झालं होतं. तेवढ्यात तिचे सुकलेले ओठ हारूनला दिसले. त्यानं मला उचललं.

"अम्मा, पानी?"

"हौ," जैतुनबी म्हणाली.

रूपाबाईनं कपाळावर हात मारला. "अरे, काहून बोलतं केलंस रे तिला? म्हणून झालं व्हतं ना तिचं!"

हारूननं चमचाभर पाणी तिच्या ओठांना लावलं आणि मला चादरीवर तिच्या हाताशी ठेवलं. दुसऱ्यांचा शेवट जन्मभर जपलेल्या बाईचा शेवटचा शब्द 'हौ' होऊन बसला होता, आणि निमित्त माझं पाणी. आता कोणीतरी पुन्हा तिच्याजवळ कलमा म्हणायला हवा होता.

"मावशी, तुमाला येतो ना?" त्यानं विचारलं.

"बारा वर्सं कानावर हाय, न यायला काय झालं? पन गवाही म्या कशी देऊ, बाबा? तिचा लेक तू हाईस."

"माझ्या आत काईच न्हाई, मावशी."

"नसू दे. तिच्यासाठी म्हन."

हारूननं म्हटलं. स्टँडवर 'सेनगाव, सेनगाव' ओरडावं तसा कोरडा आवाज होता तो. दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा जरा हळू. जैतुनबीची जीभ वळेना. पण तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट, साक्ष देताना जे वर करतात ते कलम्याचं बोट, चादरीवरून उठलं, माझ्या काठाला लागलं आणि तसंच उभं राहिलं. हारून गप्प झाला. त्याला नियम आठवला. मग बोट खाली आलं.

तो तेव्हाही रडला नाही. त्यानं मला विसळलं, पुसलं आणि फळीवर पालथं ठेवलं. त्याच्या आत काही आलं की नाही, ते त्यानं कोणाला सांगितलं नाही.

ओसरीवर आता लेकरं बसत नाहीत. ग्यानोबाही यायचा बंद झाला. मला कल्हई करून घ्या, असं सांगणार होतो. पण ते राहू द्या. मित्रांनो, कधी कोणाच्या उशाशी बसायची वेळ आली, तर पाणी हवं का म्हणून विचारू नका. चमच्यानं ओठांना लावा.