बटणं गळ्यापर्यंत

“काढायचं तर जाकीट घालून काढ गं शॅरन. बटणं गळ्यापर्यंत. न्हाईतर कुणी तोंडाकडं बघायचं न्हाई. अक्का, तू साक्षी हाय बघ.”

मी “व्हय” म्हटलं होतं.

हे बोलणारी दबोरा, माझी धाकटी बहीण, रांजणगावला कंपनीत होती. माझी मुलगी शॅरन तिची चित्रं काढायची. पुढं एकदा शिफ्ट सुटल्यावर दोघा मोटारसायकलवाल्यांनी दबोराच्या स्कूटीचा पाठलाग केला, आणि ती टेम्पोखाली गेली. मातीला आलेल्या एकीनं मला विचारलंच, “अंगावर कपडे काय होते?”

कंपनीचं जाकीट होतं. बटणं लावलेली.

शॅरननं मावशीवरच चित्रकथा रचली, ‘शिफ्टवाली’. शिफ्ट सुटलेल्या बायांना घरी पोचवणारी, एका हातानं ट्रक थोपवणारी. तोंड हुबेहूब दबोराचं. पुण्याच्या एका प्रकाशकानं ती घेतली, आणि छपाईआधीची नमुना प्रत पाठवली.

पाकीट शनिवारी आलं. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये हंगामाचा सण. पहिली कणसं असोत की पहिला पगार, आमच्यात पहिलं फळ आधी वेदीवर जातं, घरच्यांनी चाखायचं नसतं. म्हणून मी पाकीट फोडू दिलं नाही.

“आई, हे काय वांगं आहे का?” शॅरन हसली. पण ऐकलं तिनं.

उपासनेनंतर वेदीवर वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव सुरू झाला. भोपळा गेला, कोंबडा गेला. मग लिलाव पुकारणाऱ्या योहानमामांनी आमचं पाकीट फाडलं आणि पुस्तक सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं.

मुखपृष्ठावर जाकीट उघडं होतं. आत जवळजवळ काही नव्हतं. कंबर अशी पिळलेली, की पुढचं आणि मागचं एकदमच दिसावं. आणि वर आमच्या दबोराचं तोंड, ओठ अर्धवट उघडे.

मागच्या बाकावर पोरं खुसखुसली. दबोराचा नवरा पॉल उठून बाहेर गेला. मामांनी पुस्तक पालथं ठेवलं.

“पुढं... अंडी,” ते म्हणाले.

घरी येताच शॅरननं संपादक साईसरांना फोन लावला, माझं चित्र का बदललं म्हणून. स्पीकरवर मीही ऐकत होते.

“अगं, हिरोंचे दंड नाही का आपण फुगवत? तेव्हा कुणी तक्रार करत नाही.”

“दंडानं तो मारतो, सर. हिनं ट्रक काय छातीनं थांबवायचा?”

“ताकदवान बाई सुंदर दिसू नये का? तुमचं सोवळं कथेत आणू नकोस.”

“सुंदरच काढली होती मी. माझी मावशी आहे ती.”

“करारात ती आमची आहे. उद्या दुपारी छपाईला जातंय. तुला लाज वाटत असेल तर तुझं नाव काढतो. चित्र राहील.”

फोन कट झाला.

“मी सही केलीय, आई,” शॅरन म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

संध्याकाळी पॉल आला. दबोराचं दुसरं जाकीट, घडी घातलेलं, माझ्या हातात दिलं.

“अक्का, मेल्यावर तरी झाका तिला.”

सकाळी एक स्तोत्र वाचल्याशिवाय मी कुणाशी बोलत नाही. तिच्या मातीपासूनचा नेम आहे. सोमवारी उजाडता बायबल आणि ती प्रत पिशवीत घातली. स्तोत्र एसटीत वाचेन. जे बोलायचं ते पुण्यात, त्या माणसासमोर.

जाकीट साडीवरून चढवलं. खांद्यात आवळत होतं. खालपासून एकेक बटण लावत गळ्यापर्यंत आले, शॅरनला जाग येऊ नये म्हणून कडी हळू काढली, आणि स्टँडची वाट धरली.