जितेशचे एक्केचाळीस सेकंद

०:०१

"जय भीम, आई."

शालनने तिथंच बोट दाबून व्हिडिओ थांबवला. पोरगा तिचाच. भुवईवर नळाच्या तोटीवर आपटल्याचा वण.

समोर खुर्चीत मुकेश बसला होता. शेजारच्या कॅम्प एक वस्तीतल्या ज्या एजंटाने जितेशला परदेशातल्या गोदामात हेल्पर म्हणून पाठवलं, त्याचा माणूस. गोदाम कुठलं नि काय! उतरल्या उतरल्या अंगावर वर्दी चढवली, आणि महिन्याभरात समोरच्या फौजेने कैद केलं. वय एकवीस. त्यानंतर आज हा व्हिडिओ, मुकेशने आत्ताच मीनलच्या फोनवर टाकलेला.

०:०९

"मी स्वतःच्या मर्जीने आलो. इथं जेवण चांगलं देतात. मारत नाहीत."

"बघा मावशी, एकदम मजेत आहे," मुकेश म्हणाला.

"माझ्या जेवणाला कधी चांगलं म्हणाला नाही तो."

"अब सही करून टाका. कैद्यांची अदलाबदली होणार आहे. या कागदाशिवाय नाव लिस्टमध्ये जात नाही."

कागदावर छापलं होतं, मुलगा स्वतःच्या मर्जीने गेला, एजंटाचा काही संबंध नाही.

तेच वाक्य. कोणी कोणाचं उतरवलं?

०:१९

शालन अंबरनाथ एमआयडीसीत बाटल्यांची सीलं तपासते. सोळा वर्षं. जे आहे ते कुणालाही दिसतं. तिची नजर जे नाही त्यावर जाते.

चहाचा कप डाव्या हातात. जितेश डावखुरा नाही.

उजवा हात टेबलाखाली.

०:३३

"मीनलला सांग, टेन्शन घेऊ नको. बारावी आहे, फाशी नाही."

मीनल, त्याची बहीण, खुदकन हसली. मग हसू तिथंच विरलं.

"आई, माझी बारावी फेब्रुवारीत झाली. आता गणपती गेले."

"तिकडून यायला टाइम लागतो, बेटा. लढाई चालू आहे."

"व्हिडिओला?"

"तुम्हाला कधी आला, मुकेशभाई?" शालनने विचारलं. "तारीख दाखवा."

मुकेशने फोन खिशात टाकला. "शक करत बसलात तर दुसऱ्याचा पोरगा घरी येईल, मावशी. तुमचा राहील तिथंच."

हे मात्र तिच्या वर्मी लागलं. लिस्ट खरी असली तर? पेन तिच्या बोटांत आलंसुद्धा.

पण सात महिने हा व्हिडिओ कुणाच्या तरी खिशात होता. सात महिने सही नको होती. आज हवी.

मधे काय झालं, हे तिने विचारलं नाही. तोंडातून बाहेर पडलं तर खरं होईल.

०:४१

कंपनीत संशयाचा माल पास करत नाहीत, फेकतही नाहीत. वेगळा ठेवतात.

तिने मीनलचं लाल पेन मागून घेतलं. सहीच्या जागी मोठ्या अक्षरांत लिहिलं: होल्ड. खाली तारीख.

"फोटो काढ, मीनल. ह्यांच्यासकट."

"ये क्या किया! कागद बरबाद केला!"

"जितेशला दाखवा. आजचा. फोनवर चालेल. दुसरा कागद आणा, लगेच सही करते."

"पस्तावाल," मुकेश म्हणाला, आणि जिना उतरला.

पस्तावेनही, शालन मनात म्हणाली. जिन्यावरची पावलं थांबली. फोन लावत असेल. कुणाला? ती दाराशी गेली, तर पावलं पुन्हा चालू लागली.

०:०१

"जय भीम, आई."

यावेळी तिने थांबवला नाही. फक्त टेबलाच्या कडेकडे बघत राहिली, उजवा हात कधी वर येतो ते.