चोविसावं मिनिट

गल्लीतल्या गॅरेजचा मालक सगळ्यांना नाडीवाला म्हणून ठाऊक होता. बॉनेटवर तळहात टेकवायचा, डोळे मिटायचे आणि इंजिनाचं दुखणं सांगायचं, अशी त्याची ख्याती. आणि ती पसरवण्यात त्याचं तोंड त्याच्या हातापेक्षा जास्त राबलं होतं. गिऱ्हाइकाने नुसती गाडी आणावी, रोगाचं निदान सोबत आणू नये, असं तो बजावायचा. गाडीची चाचणीही ठरलेली: पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत. नऊ मिनिटं. त्या नऊ मिनिटांत आजवर एकाही गाडीने त्याला खोटं पाडलं नव्हतं.

त्या दुपारी घड्याळजींची बायको आली. घड्याळजी म्हणजे चौकात घड्याळं दुरुस्त करायचे ते, बुटके, हळू बोलणारे. सात महिन्यांपूर्वी पुलावर गाडी उभी करून खाली उतरले आणि मागून आलेल्या ट्रकखाली गेले. गाडीला ओरखडाही नाही. बाईंनी ती सकाळीच गॅरेजच्या दारात आणून लावली होती. आता गार पडली होती.

"चालता चालता बंद पडते," त्या म्हणाल्या. "आणि कुठे पडते, तर पुलावर. घरून निघाले की पुलावरच. तीनदा झालं."

"वहिनी, घड्याळजी गेले त्याच्या थोडं आधी ही गाडी मीच तपासली होती. काही नव्हतं तिला."

"तेच तर." बाकावर बसा म्हटलं तरी त्या बसल्या नाहीत. "तुमच्या बिलावरचा तो शेरा दिरांनी चार लोकांना दाखवलाय. गाडी ठणठणीत, मग एवढ्या वाहत्या रस्त्यावर माणूस थांबतो कशाला? मरायलाच. आणि त्याच्यावर ती वेळ आणली कुणी, हे तोंडाने कुणी म्हणत नाही. माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघतात, एवढंच. सासूबाई तर रोज विचारतात, त्याला काय कमी केलंस गं? मला एकच सांगा. हे थांबले, की गाडी थांबली?"

जुना शेरा दाखवून विषय मिटवावा म्हणून नाडीवाल्याने फाइल काढली. कार्डावर त्याचंच अक्षर: दोष आढळला नाही. मागे टाचणीने एक चिठ्ठी लावलेली. ती घड्याळजींनी दिली तेव्हा त्याने न वाचताच टोचून ठेवली होती, वर हसून म्हणाला होता, "अहो, गाडी आहे ही, घड्याळ नाही." आज वाचली. मुंग्यांची रांग चालावी तसं बारीक अक्षर. 'सोमवार, चोविसाव्या मिनिटाला बंद. बुधवार, चोविसाव्या. शनिवार, पंचविसाव्या. गार झाल्यावर सुरू होते. कृपया लांब चालवून पाहावी.'

चिठ्ठी त्याने खिशात घातली.

"चला, चालवून बघू."

सीट इतकी पुढे ओढलेली, की त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागले. त्याचा हात खाली जाताच बाई म्हणाल्या, "सरकवू नका. ह्यांनी ठेवली तशीच आहे." मग तो तसाच अवघडून बसला.

घरापासून पूल चोवीस मिनिटांवर, गॅरेजपासून अकरा. गाडी थांबवणारा तो गेलेला माणूस असेल तर तो पुलावर थांबवेल. इंजिनाचा ताप असेल तर पूल ओलांडून, बराच पुढे. नाडीवाल्याला हे कळत होतं, आणि पहिलंच खरं निघावं असं मनापासून वाटत होतं. भुतापुढे हात तरी जोडता येतात; चिठ्ठीपुढे काय करायचं?

पूल आला. बाईंनी डोळे मिटून डॅशबोर्डवर हात ठेवला, लहान मुलाचा ताप बघतात तसा. "इथेच," त्या पुटपुटल्या. "आता." इंजिन एका सुरात चालत राहिलं. कठडे मागे पडले.

"आज नाही थांबवलं ह्यांनी," त्या म्हणाल्या. तो आवाज ऐकून त्याला कुणाला तरी दुसऱ्यांदा स्मशानात पोचवून आल्यासारखं झालं.

तो मनात मिनिटं मोजत होता. मोजणारा आपण एकटे नाही, असंही त्याला वाटत होतं. मागच्या सीटवर कुणीतरी अगदी शांतपणे, घाई न करता त्याच्याबरोबर आकडे मोजत होतं. आरशात बघायची त्याची छाती झाली नाही. बावीस. तेवीस. फरश्यांच्या दुकानासमोर, भर उन्हात, इंजिन गेलं. आचका नाही, खोकला नाही. फुंकर मारून दिवा विझवावा तसं. गाडी अजून गिअरमध्ये पुढे ढकलली जात होती, चाकांबरोबर इंजिनही फिरत होतं, पण फेरे दाखवणारा काटा एकदम शून्यावर.

पेट्रोल तुटलं असतं तर गाडी आधी अडखळली असती. काटाच पडला, म्हणजे फेरे मोजणारा सेन्सर आंधळा झाला होता. तापला की मरायचा, निवला की जिवंत व्हायचा. आणि तो मेला की ठिणगी कधी द्यायची हे इंजिनाला सांगणारं कुणी उरायचं नाही. नाडीवाल्याने गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि बाईंच्या बाटलीतलं पाणी त्या अंगठ्याएवढ्या तुकड्यावर ओतलं. वाफ आली. किल्ली फिरवताच इंजिन सुरू झालं.

बॉनेट लावायला तो परत पुढे आला, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण रस्त्याकडे पाठ करून, मान खाली घालून उभे आहोत आणि मागून ट्रक जातायत. घड्याळजीही असेच उभे असणार. हेच शोधत.

गप्प बसणं सोपं होतं. तुकडा बदलायचा, किरकोळ काम होतं म्हणायचं. बाई काचेतून बघत होत्या. त्याने दार उघडून चिठ्ठी त्यांच्या हातात दिली.

चार ओळी वाचायला त्यांना फार वेळ लागला.

"हे तुमच्याकडे होतं?"

"हो."

"आणि वाचलं नाहीत."

"नाही. नऊ मिनिटं चालवली आणि शेरा मारला."

"म्हणजे गाडी थांबली."

"गाडी थांबली, वहिनी."

आता रडतील, असं त्याला वाटलं. त्या म्हणाल्या, "घरी चला. सासूबाईंना तुम्ही सांगायचं. मी सांगितलं तर म्हणतील, सून हात झटकतेय."

वाटेत त्याला दोनदा उतरून पाणी ओतावं लागलं. पुलावर लागलं नाही, पण पूल संपेपर्यंत त्याने श्वास सोडला नाही.

म्हातारी खिडकीशी बसली होती. नाडीवाल्याने उभ्यानेच सगळं सांगितलं: तुमचा मुलगा थांबला नव्हता, गाडी बंद पडली, त्याने मला आधी लिहून दिलं होतं, मी वाचलं नाही, चूक माझी, वहिनींची नाही. म्हातारीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग चाचपडत सुनेचा हात धरला आणि तिला जवळ बसवून घेतलं. बराच वेळ तो हात सोडला नाही.

मग तिने त्याच्याकडे मान वळवली.

"सात महिने झाले," ती म्हणाली. आवाज जराही चढलेला नव्हता. "इतके दिवस तू कुठे होतास रे?"

तो उभाच राहिला. बस, असं त्या घरात त्याला कुणी म्हटलं नाही.